देवातलं पदक

गेल्या वर्षीपर्यंत आमच्या गावात माझ्या वडिलांना नाव नव्हतं. ते सगळ्यांचे दाजी होते. म्हाताऱ्यांचे दाजी, पोरांचे दाजी, किराणा दुकानदाराचे दाजी आणि ग्रामपंचायतीच्या शिपायाचेही दाजी. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडं दाजी म्हणतात, आणि माणूस एकदा दाजी झाला की त्याची चेष्टा करायचा हक्क सगळ्यांना आपोआप मिळतो. तो हक्क गावानं पुरेपूर वसूल केला. ते चहाच्या टपरीवर बसले की कुणीतरी विचारायचंच, "काय दाजी, सासरी करमून राह्यलं का?" चेष्टा वर्षानुवर्षं तीच, पण वडील दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. मला ते हसणं सहन व्हायचं नाही. घरजावयाचा मुलगा म्हणून वाढलेल्या माणसाची कातडी पातळ असते, आणि माझी तर जरा जास्तच.

आमचं गाव जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीपासून थोडं आत आहे. मी जालना शहरात एका बियाणं कंपनीच्या कार्यालयात काम करतो आणि रविवारी मोटारसायकलवर गावी जातो. आई गेल्यापासून वडील तिथं एकटेच राहतात. ते मूळचे आंध्रच्या किनाऱ्यावरचे, मासे मारणाऱ्या घरातले. वयात आल्या आल्या ते नौदलात गेले. बांगलादेशच्या लढाईत त्यांच्या जहाजाला आग लागली, माणसं पाण्यात पडली, आणि वडिलांनी त्यातली बरीचशी बाहेर ओढून काढली. त्याबद्दल त्यांना सरकारनं चांदीचं शौर्यपदक दिलं. त्याच जहाजावर त्यांचा एक जिवलग मित्र होता. तो आमच्या गावच्या धनगराचा मुलगा. नौदलात जाईपर्यंत त्यानं विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. तो परत आला नाही, त्याचं काही सापडलंही नाही. तो माझा मामा.

पदक मिळाल्यावर वडील सुट्टी काढून मित्राच्या आईला भेटायला इथं आले. ती माझी आजी. आजीची हिंदी बाजारापुरती, निजामाच्या वेळची, आणि वडिलांची जहाजावरची. तिनं त्यांना पाणी दिलं, जेवायला घातलं आणि मग विचारलं, "मेरे बच्चे का कुछ लाया क्या रे तू?" वडिलांनी खिशातलं पदक काढून तिच्या हातावर ठेवलं. हे त्याचं आहे असं ते म्हणाले नाहीत. माझं आहे असंही म्हणाले नाहीत.

पुढं जे झालं ते आमच्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. मामाच्या कुळात लढाईत गेलेल्या किंवा लग्नाआधी गेलेल्या माणसाला वीर मानतात. चांदीच्या लहानशा पत्र्यावर त्याची आकृती ठोकून घेतात, त्याला टाक म्हणतात, आणि तो देवघरात बिरोबा-खंडोबाच्या शेजारी बसतो. धुळवडीला तो टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, नव्या कापडात बांधायचा, आणि कुळातल्या एका पुरुषानं तो छातीशी धरून हलगीवर नाचत मारुतीपर्यंत न्यायचा. मामा लढाईत गेलेला आणि बिनलग्नाचाही, म्हणजे त्याचा टाक करायचाच होता. आणि इथं तर हातावर आयती चांदी आली, तिच्यावर ठोकलेली आकृतीसुद्धा. आजीला वाटलं, सरकारनंच टाक करून पाठवला. तिनं तो दुधानं धुतला, हळदकुंकू लावलं आणि देवात मांडला.

वडील आणखी एकदा येऊन गेले आणि तिसऱ्यांदा आले ते आईशी लग्न करायला. आजीला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आई गावातच राहिली, आणि नौदलातून सुटल्यावर वडीलही इथंच आले. भाकरी खायला शिकले, मेंढरं राखायला शिकले, "मंग" आणि "न्हाई" बोलायला शिकले. समुद्रावरची एकच विद्या गावाच्या कामाला आली, दोराची. विहिरीचा दोर तुटो, बैलाची वेसण तुटो, लोक ते वडिलांकडं आणतात. ते पीळ उकलून, पेड एकमेकांत ओवून दोर असा सांधतात की जोड कुठं आहे ते हाताला लागत नाही.

आजी वारली तेव्हा देवांचा प्रश्न आला. जावई परक्या कुळाचा, त्याला सासऱ्याचे देव पुजता येत नाहीत. म्हणून आईचे चुलतभाऊ, म्हणजे माझे चुलतमामा, सगळे देव आपल्या घरी घेऊन गेले. त्यात पदकही गेलं. तेव्हापासून धुळवडीला आमचा वीर त्यांच्या घरातून निघायचा आणि चुलतमामाच तो छातीशी धरायचे. वडिलांना त्यात जागा नव्हती. ते आपल्या दारात उभे राहायचे. पण त्या दिवशी ते मुद्दाम पांढरा सदरा घालायचे, कारण वीर पुढं गेला की मागची सगळी पोरं दाजीवर तुटून पडायची. संध्याकाळी सदऱ्याचा मूळ रंग ओळखू यायचा नाही. आई बडबडत तो धुवायला घ्यायची, आणि वडील कानातला गुलाल काढत बाजेवर बसलेले असायचे. त्यांना एवढं खूश मी फार कमी वेळा पाहिलं.

पदक कुणाचं हे मला आईनं तिच्या शेवटच्या आजारात सांगितलं. तोंड बंद ठेव असंही सांगितलं. मी ठेवलं, पण धुसफुसत ठेवलं. माझा असा समज की वडील गप्प बसले ते घरजावई म्हणून. परक्या गावात कशाला तोंड उघडा, असा तो भिडस्तपणा असणार. हे मी त्यांना विचारलं नव्हतं. स्वतःच ठरवून टाकलं होतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात ग्रामपंचायतीनं शाळेपुढच्या चौकात एक दगड उभा करायचं ठरवलं. गावातून लष्करात गेलेल्यांची नावं त्यावर कोरायची होती. एका रविवारी मारुतीच्या पारावर त्याची बैठक भरली आणि मीही जाऊन बसलो. मामाचं नाव सगळ्यात वर आणि त्याखाली शौर्यपदक, हे ठरल्यातच जमा होतं. मी म्हणालो, वडिलांचंही नाव टाका, तेही नौदलात होते. सरपंच शाळेत माझ्या वर्गात होता. तो हसत म्हणाला, "आरं, दाजीचं नाव कसं टाकावं? ते जावई हायेत. त्यांचं नाव त्यांच्या गावच्या दगडावर." सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, नेहमीचीच चेष्टा होती. वडील तिथं असते तर तेही हसले असते.

मी हसलो नाही. लहानपणापासूनचं सगळं एकदम डोक्यात गेलं.

"ज्याला तुमी दर साली नाचवता न," मी म्हणालो, "ते पदक माझ्या बापाचं हाय. मामाला काईच भेटलेलं न्हाई."

पारावरचं हसणं तिथंच थांबलं. मला त्या शांततेचा आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते पण झाला. मामाला काहीच भेटलेलं नाही हे मी कुठल्या सुरात बोललो ते मला आजही ऐकू येतं. ज्याचं प्रेतसुद्धा आईला मिळालं नाही, त्याच्याबद्दल त्याचा भाचा हे बोलला होता, आणि तेही वाद जिंकल्याच्या सुरात.

चुलतमामा उठले आणि खांद्यावरची घोंगडी सावरत थेट आमच्या घराकडं निघाले. मी मागोमाग गेलो. वडील ओसरीत कुणाचातरी दोर सांधत बसले होते. चुलतमामांनी उभ्या उभ्याच विचारलं, खरं आहे का दाजी? वडिलांनी आधी त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. हातातून भांडं पडलेल्या लेकराकडं बघतात तसं बघितलं.

"पदक माझ्या नावाचं हाय," ते म्हणाले. "पण वस्तू त्याची हाय."

चुलतमामांनी पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही पोचलं नाही. मला वाटलं, हा पुन्हा तोच भिडस्तपणा. मी घाईघाईनं म्हणालो, म्हणजे खरंच आहे.

पुढच्या रविवारी चुलतमामा आमच्या घरी आले ते ताट घेऊन. ताटात नारळ, टॉवेल-टोपी, विड्याची पानं, आणि मधोमध पदक. मी ते लहानपणापासून कुंकवानं लाल झालेलं बघत आलो होतो. आता ते पांढरं लख्ख होतं. टेंभुर्णीच्या सोनाराकडून त्यांनी ते रिठ्याच्या पाण्यानं उजळून आणलं होतं. वडिलांपेक्षा वयानं मोठा असलेला तो माणूस वाकला आणि त्यानं वडिलांच्या पायावर डोकं ठेवलं.

"दाजी, आमच्या हातून लई मोठी चूक झाली," ते म्हणाले. "जित्या माणसाचं देवात ठिवू न्हाई. इतकी वर्सं आमी तुमाला मेलेल्यात बसवलं. काई कमीजास्त झालं असतं मंग?"

माझ्या डोक्यात मानपानाचा हिशोब चालू होता, आणि त्यांच्या डोक्यात आठ दिवस एकच भीती होती, की आपल्यामुळं दाजीचं आयुष्य कमी झालं असतं. वडील त्यांना म्हणाले, मला काही झालं का? राहू द्या तिथंच. चुलतमामांनी हात जोडले आणि नाही म्हणाले. देवाच्या बाबतीत ते कुणाचंच ऐकत नाहीत. ताट ठेवून, चहासुद्धा न घेता ते गेले. वडिलांनी पदक उचललं नाही, म्हणून मीच ते उचलून कपाटात ठेवलं. मला वाटलं, सवय नाही, होईल सवय.

मग सरपंचानंही आपली चूक मनावर घेतली. झेंडावंदनाच्या दिवशी दगडाचं अनावरण ठरलं आणि त्याचा मान वडिलांना. फेटा बांधून त्यांना चौकात आणलं. त्यांच्या हातात दोरी दिली, त्यांनी ती ओढली, आणि कापड खाली आलं. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, माझ्या वडिलांचं नाव आणि शौर्यपदक. त्याच्या खाली, लहान अक्षरांत, मामाचं नाव. टाळ्या वाजल्या. मी एका हातानं मोबाइलवर चित्रण करत होतो, त्यामुळं टाळ्या वाजवता आल्या नाहीत याचीच मला चुटपुट लागली होती. ते चित्रण माझ्याकडं अजून आहे. वडील दगडाकडं बघतात, मग हातातल्या दोरीकडं बघतात, आणि मग ती दोरी गुंडाळायला लागतात. एवढंच त्यात दिसतं.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. वडील चौकातून जायचे बंद झाले. दुकानात जायचं तरी मेंढरांच्या वाड्यामागून, बाभळीतून लांबचा फेरा घालून जायला लागले. आणि गावानं त्यांना दाजी म्हणणं सोडलं. ते साहेब झाले. साहेब टपरीवर आले की पोरं उठून जागा देतात. करमून राह्यलं का, असं साहेबाला कोण विचारणार? सुरुवातीला मला हे फार गोड वाटलं. कार्यालयातल्या दोघांना मी ते मुद्दाम सांगितलंही.

दिवाळीत मी त्यांना म्हणालो, एवढ्या लांबून कशाला जाता, चौकातून जात जा की. ते तेव्हाही दोरच सांधत होते. बराच वेळ पीळ उकलत राहिले आणि मग त्यांनी मला ते पाणी सांगितलं. तोवर कधीच सांगितलं नव्हतं.

आग लागल्यावर दोघांनी बरोबरच उडी मारली होती. एक तराफा हाती लागला. वडील मासे मारणाऱ्याचे, ते पटकन वर चढले. मामा पाण्यातच तराफ्याच्या कडेचा दोर धरून राहिला. माणसं एकेक करून येत होती, भाजलेली, तेलानं माखलेली. तेलातला माणूस हातातून निसटतो, वरच्या एकट्याच्यानं तो ओढला जात नाही. म्हणून मामा खालून खांदा लावायचा आणि वडील वरून ओढायचे. त्या रात्री जेवढे वाचले तेवढे दोघांनी मिळून उचलले. पण वर आलेल्या माणसाला दिसला तो ओढणारा. खालून ढकलणाऱ्याकडं त्याची पाठ होती. पुढं नौदलाच्या साहेबांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

शेवटी तराफ्यावर एकाचीच जागा उरली होती आणि एक अनोळखी माणूस आला. वडील मामाला म्हणाले, आता तू ये. मामा त्यांना जहाजावर गमतीनं दाजी म्हणायचा, तुला माझी बहीण देतो असं चिडवायचा. पाण्यातूनही त्यानं तीच हाक मारली. "दाजी, मी हाय बराबर. त्याला घ्या." वडिलांनी त्या अनोळखी माणसाला वर घेतलं. मामा विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, दोराला धरून राहायला त्याला येत होतं. समुद्राची थंडी त्याला माहीत नव्हती. उजाडलं तेव्हा दोर मोकळा होता.

वडील दोराकडं बघूनच म्हणाले, "तवाबी मी वर व्हतो, तो खाली व्हता. दगडावर बी तसंच केलं तुमी."

तुमी म्हणजे गाव नव्हे, तुमी म्हणजे मी, हे मला कळलं. त्यांनी ते तसं म्हटलं नाही, तेवढी दया त्यांनी दाखवली. त्या पाण्यातून मित्राच्या आईपर्यंत त्यांना एकच गोष्ट पोचवता आली होती. ती तिच्या देवघरात मुलाच्या नावानं बसली होती, आणि गाव वर्षातून एकदा तिला छातीशी धरून नाचत होतं. मी ती मागं आणली आणि कपाटात टाकली. शरमेनं माणूस लाल होतो असं म्हणतात. मी लाल वगैरे झालो नाही, मला फक्त ओसरीत बसवेना.

जालन्याला परतण्याआधी मी सरपंचाला गाठलं. नावं खालीवर करता येतील का? तो म्हणाला, दगड आहे तो, पाटी नव्हे पुसून लिहायला. शिवाय पदकवाल्याचं नाव वरच लागतं, मी विचारून घेतलंय. मग म्हणाला, तूच म्हणाला होतास ना? मी म्हणालो, हो, मीच.

यंदाच्या धुळवडीला मी सकाळीच गावी आलो. वडिलांनी पांढरा सदरा घातला होता, घडीच्या रेघा मोडलेल्या नव्हत्या. दुपार कलल्यावर हलगी ऐकू आली. चुलतमामांनी वीरासाठी टेंभुर्णीहून नवा टाक करून आणला होता. सोनाराच्या साच्यात वीर घोड्यावरच असतो, त्यामुळं मामाही आता घोड्यावर बसला आहे, हातात तलवार घेऊन. तो टाक छातीशी धरून चुलतमामा आमच्या दारासमोर आले तेव्हा वडील पायरी उतरून खाली गेले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी पदक काढलं. ते त्यांनी कपाटातून कधी काढून घेतलं ते मला माहीत नव्हतं.

"ह्ये बी घ्या संगं," ते म्हणाले.

चुलतमामा थांबले. दोन्ही हातांत वीर होता म्हणून त्यांना हात जोडता येईनात. नकारार्थी मान हलवून ते म्हणाले, "साहेब, जित्या माणसाचं न्हाई चालत."

"मंग मी मेल्यावर न्या," वडील म्हणाले. "पण त्याच्या नावानं न्या."

असं बोलू नये, एवढं चुलतमामा म्हणाले. हलगीवाल्यानं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी चल म्हणून मान हलवली, आणि वीर पुढं गेला. मागून पोरं आली, तोंडं हिरवी-जांभळी झालेली, हातात रंगाच्या पिशव्या. वडील रस्त्यातच उभे होते, पदकावर मूठ मिटून. पोरांनी त्यांना बघितलं आणि ती दोन बाजूंना झाली, साहेबांच्या अंगावर शिंतोडा उडू नये म्हणून पिशव्या पाठीमागं धरून. त्यातल्या एकानं नमस्कारही केला. सगळी निघून गेली तरी वडील थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मी मुठीत रंग घेऊन उंबऱ्यापर्यंत गेलो. मुलानं बापाला रंग लावायची आमच्याकडं रीत नाही. माझा हात वर झाला नाही.

संध्याकाळी त्यांनी सदरा काढला, झटकला, जुन्याच रेघांवर त्याची घडी घातली आणि तो कपाटात ठेवला. धुवायची गरज नव्हती.